नानांचा बारावा थांबा

एखादी सभा, एखादा मोर्चा, नाहीतर साधं श्रमदान. त्याच्या अगदी शेवटपर्यंत तुम्ही थांबलात, असं शेवटचं कधी झालं? खरं सांगा. फोटो निघाल्यावर घरी गेलात तो दिवस धरू नका. 'मुख्य ते झालं' म्हणत चपला शोधायला लागलात तोही नको. सतरंज्या गुंडाळून होईपर्यंत थांबलात, असा दिवस सांगा.

मी पत्रकं लिहिते, घोषणा लिहिते, आणि मलाही असा दिवस पटकन आठवत नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात सुपडू नानांनी घातला. तोंडाने त्यांनी तो कधीच विचारला नाही.

सुपडू नाना धुळ्यात पाणी सोडायचे. नोकरीतला हुद्दा व्हॉल्व्हमन, पण लोक 'पाणीवाले नाना'च म्हणत. रस्त्यात जागोजागी लोखंडी झाकणं असतात, त्यांच्याखाली व्हॉल्व्ह असतात. छातीपर्यंत उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी खाली उतरवायची आणि फिरवायची, की त्या भागाच्या नळांना पाणी. ही चावी नाना सायकलच्या नळीला सुतळीने बांधून हिंडायचे. काळी सायकल, पांढरी टोपी, आणि मागे कॅरियरला एक गोणपाट. गोणपाट कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "झाकण ऊनमा तापस माय," ते म्हणाले. "हात भाजतस."

धुळ्याच्या जुन्या गल्ल्या सरळ आहेत, एकीला एक समांतर, आणि नावांऐवजी त्यांना नंबर आहेत. नानांना त्या वरून माहीत होत्या तशा खालूनही माहीत होत्या. कुठे पाइप वळतो, कुठे जुन्या पाइपाला नवा जोडलाय, कुठे दाब मरतो. आमच्या गल्लीतल्या बायका दार उघडून ओरडायच्या, "नाना, पाच मिनिटं जास्त ठेवा हो!" नाना मान हलवायचे. त्या हलवण्याचा अर्थ 'नाही' असा आहे हे कळायला गल्लीला बरीच वर्षं लागली.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, वैशालीचं लग्न झालं तेव्हा मांडवातली पाण्याची टाकी जेवणाच्या दोन पंगती बाकी असताना कोरडी पडली. व्हॉल्व्ह मांडवापासून पन्नास पावलांवर. चावी घरात, भिंतीला टेकवलेली. व्याही म्हणाले, "सुपडूभाऊ, चावी तुमच्या हातात आहे. आज तरी फिरवा." नाना म्हणाले, "आज पलीकडच्या गल्लीची पाळी आहे. त्यांच्या तोंडचं कसं घेऊ?" नानांच्या बायकोने, शांताक्काने, सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांना सुनावलं, "लेकीपेक्षा पाइप मोठा झाला का तुमाले?" नानांनी दोन हंडे उचलले आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन दारोदार पाणी मागून आणलं. नवरीच्या बापाला हंडा घेऊन दारात उभं पाहिल्यावर त्या गल्लीतल्या बायका स्वतःच कळशा घेऊन मांडवात आल्या. पंगती झाल्या. व्याही मात्र वर्षभर फुगून होते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील एका छापखान्यात कंपोझिंग करायचे आणि संध्याकाळी घरी आणलेली पत्रकं आम्ही भावंडं घड्या घालून ठेवायचो. मला अक्षरओळख शाळेआधी 'धिक्कार' या शब्दाने झाली. मोठी झाल्यावर मी स्वतः लिहायला लागले, आणि माझं पहिलं गाजलेलं पत्रक पाण्यावर होतं. 'शेवटच्या घराला पाणी द्या.' पांझरा नदीपलीकडच्या देवपूरच्या मागच्या अंगाला, माळाच्या चढावर एक वस्ती आहे. पाइपलाइन तिथे संपते. पाणी तिथवर पोचता पोचता दमून जातं. त्या पत्रकात मी इतका जाळ काढला होता की वडिलांनी छापायच्या आधी दोन विशेषणं कमी केली.

नानांनी ते चौकात उभं राहून पूर्ण वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "चांगलं लिखेल शे. तू गयती का तठे?"

मी म्हणाले, "नाना, गेले नाही तिथे, पण सगळी माहिती घेऊनच लिहिलंय."

"हां," म्हणाले, आणि सायकलवर बसले.

नाना निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी शांताक्का गेल्या. वैशाली तेव्हा नवऱ्याबरोबर स्पेनमध्ये होती, सेव्हिल नावाच्या जुन्या शहरात. तिला मुलगी झाली आणि तिने नानांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. नाना त्या शहराचं नाव कधी घेत नसत, 'लेकीचं गाव' म्हणत. तिथे ते दिवसभर खिडकीत बसून राहायचे. बाळ झोपलेलं, लेक दमलेली, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही. शेवटी वैशालीने जावयाबरोबर त्यांना एका सायकल सहलीला पाठवलं. वाटाड्या शहर दाखवतो, आपण त्याच्या मागे सायकलवर जायचं.

ही सहल नानांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे जाऊन आल्यासारखी सांगू शकते. वाटाडी लुसिया नावाची पोरगी होती, केस कापलेले, आवाज खणखणीत. तेरा-चौदा लोक, सगळ्यांना नारिंगी सायकली. डोक्याला हेल्मेट घाला म्हणाली, तर नानांनी ते टोपीवरूनच घातलं. टोपी काढायला सांगितल्यावर जावयाला म्हणाले, "सांग तिला, टोपी काढायला मी काय मयतीला आलोय?" जावयाने त्याचं स्पॅनिशमध्ये काय केलं कुणास ठाऊक, पण लुसियाने टोपी राहू दिली.

रस्त्याच्या कडेला संत्र्यांची झाडं, फळांनी लगडलेली, आणि कुणी तोडत नाही. नानांनी एक पडलेलं उचलून खाल्लं आणि तोंड कडू करून घेतलं. लुसिया हसून म्हणाली, ती फक्त मुरंब्याची. मोठी नदी आली. पुलावर नानांनी मधेच ब्रेक लावला, मागचे चार जण एकमेकांवर आदळले. नानांनी खिशातून नाणं काढलं, कपाळाला लावलं, नदीत टाकलं. आमच्याकडे शिरपूरला जाताना तापीच्या पुलावर एसटीच्या खिडकीतून सगळेच टाकतात. लुसिया आधी ओरडली. जावयाने समजावल्यावर तिने स्वतः एक नाणं टाकलं. मग गटातल्या जर्मन नवरा-बायकोने, मग बाकीच्यांनी. "बठ्ठास्नी टाकं," नाना सांगायचे, आणि इथे त्यांचा चेहरा उजळायचा.

राजवाडे, मनोरे, देवळं यांत त्यांचं मन रमलं नाही. ते रमलं एका रस्त्यात. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी मोटारी धावत असताना, विटांच्या जुन्या कमानी उभ्या होत्या. त्यावरून पूर्वी शहराला पाणी यायचं. नाना सायकल स्टँडला लावून त्या विटांवरून हात फिरवत राहिले आणि जावयाकरवी त्यांनी दोन प्रश्न विचारले. पाणी सोडायला आणि बंद करायला कोण बसायचा? लुसियाला माहीत नव्हतं. म्हणाली, हे आजवर कुणी विचारलं नाही. दुसरा प्रश्न, या लाइनीवर शेवटचं घर कोणाचं? हे तिला माहीत होतं. राजाचं, ती म्हणाली. पाणी त्याच्या वाड्यात जायचं.

"ऐकं का माय," नाना मला म्हणाले, "तठे टेलले राजा. मंग पाणी पोचनारच ना." पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला पाणीखात्यात टेल म्हणतात.

पण त्या सहलीतून नानांनी जे खरं घरी आणलं ते वेगळंच होतं. लुसियाची एक पद्धत होती. वळण आलं की तिच्या मागचा पहिला माणूस तिथे थांबवायचा. त्याने हात लांब करून बाकीच्यांना वाट दाखवायची, आणि सगळ्यात शेवटचा पुढे गेल्याशिवाय हलायचं नाही. पुढच्या वळणाला दुसरा. म्हणून कुणी हरवलं नाही, आणि बाराव्या थांब्यावर पोचले तेव्हा निघाले होते तेवढेच होते. लुसियाने प्रत्येकाशी हात मिळवला.

नाना परत आले आणि त्यांनी जाहीर केलं, दर रविवारी सकाळी साडेसहाला पाचकंदील चौकापासून सायकलवर धुळं दाखवणार. बारा थांबे. फुकट. मला पत्रक लिहायला सांगितलं. मी लिहिलं, त्यात इतिहास, वारसा, पर्यावरण सगळं घातलं. नानांनी वाचून विचारलं, "अन् शेवटपावत या, हाई कोठे शे?" मी शेवटी बारीक अक्षरात ती ओळ टाकली.

पहिल्या रविवारी एकोणीस जण आले. नाना टोपी धुऊन आले होते. पहिला थांबा एक लोखंडी झाकण, दुसरा दुसरं झाकण. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण नाना ते झाकण उघडून सांगायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं. आत कान लावायला सांगायचे, पाणी चाललंय की नाही ते आवाजावरून ओळखायला शिकवायचे. एक प्राध्यापक पोटावर पालथे पडून ऐकत होते.

मग वळण आलं. नानांनी लुसियासारखा एक माणूस उभा केला, आमचे किराणावाले भिकनभाऊ. "बठ्ठा जातस तवपावत हालानं नही," असं बजावलं. भिकनभाऊ हात लांब करून उभे राहिले. तेवढ्यात समोरच्या घरातून त्यांच्या लेकीचे सासरे बाहेर आले. व्याही दारात आणि आपण रस्त्यावर, असं कसं चालेल? व्याह्यांनी हात धरला, भिकनभाऊ आत गेले. मागून येणाऱ्यांनी शेवटचा हात त्या दाराच्या दिशेने पाहिला होता. त्यांना वाटलं, थांबा आतच आहे. नऊ जण सायकली लावून घरात शिरले. व्याह्यांनी नऊ जणांना बसवलं, पोहे टाकले, आणि एकानेही विचारलं नाही की तुम्ही कोण.

नाना पुढच्या वळणावर अर्धा तास वाट बघत उभे. शेवटी मी शोधत मागे गेले तर भिकनभाऊ दुसऱ्यांदा पोहे घेत होते. म्हणाले, "हालनू नही मी! बसेल शे फक्त."

उरलेले पाचव्या थांब्यावर सांडले. पाचवा थांबा आग्रा रोडजवळ होता, तिथे शेजारी नाश्त्याचं हॉटेल, आणि शेवभाजीचा वास. लोकांनी नानांचे आभार मानले, छान उपक्रम आहे म्हणाले. मीही तिथेच उतरले. मला अकरा वाजताच्या सभेत पत्रकं वाटायची होती. विषय पाणीच होता.

"सात थांबा बाकी शेतस," नाना म्हणाले.

"पुढच्या रविवारी नक्की, नाना."

पुढे हे असंच चाललं. पुढच्या वेळी बारा जण आले, मग आठ, मग पाच. पाचव्या थांब्याच्या पुढे दोन-चार वेळा कुणी सातव्यापर्यंत गेलं असेल. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात कुणीच गेलं नाही. बारावा थांबा कोणता ते नाना सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "दखाडाना शे, सांगाना नही." मी एकदा चिडून म्हणाले, "नाना, थांबे कमी करा. सहा ठेवा. लोक टिकतील." नाना सायकलवर बसले. मग म्हणाले, "मी पाणी सोडे तवय बी लोके हाईच सांगेत. टेल सोडी द्या, दाब टिकी."

मी जळगावला नोकरीला गेले. पत्रकं लिहिणं सुटलं नाही, पण आधीसारखं रक्त उसळेना. तेच शब्द, तीच उद्गारचिन्हं, आणि सभेनंतर खुर्च्यांखाली पडलेले तेच कागद. मधे मधे धुळ्याला यायचे तेव्हा कळायचं की नाना अजून रविवारी निघतात. कधी दोघे, कधी एकटेच. लोक त्याला नानांचं येड म्हणत. त्यांचे गुडघे गेले होते, चढावर सायकल हातात धरून चालायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी सकाळी घरी होते. का कुणास ठाऊक, वडिलांची सायकल काढली आणि पाचकंदीलला गेले. तत्त्वासाठी वगैरे नाही. मी इतकी थकले होते की कुणीतरी पुढे चालावं आणि आपण नुसतं मागे जावं, एवढंच वाटत होतं. नानांसोबत कॉलेजातली दोन मुलं होती. ती पाचव्या थांब्यावर उतरली. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना उत्तर माहीत होतं. मी पायडल मारलं तेव्हा मागे वळून म्हणाले, "सभा नही का आज?"

"नाही."

पुलावर ते थांबले. पांझरेत वाळू, दगड, आणि मधे हिरवं डबकं. मी नाण्यासाठी खिशात हात घातला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दगडवर वाजी." ते वाजणं त्यांना ऐकायचं नव्हतं.

देवपूर मागे पडलं, चढ लागला. आम्ही दोघं सायकली ढकलत चाललो. चढाच्या पायथ्याला वळण होतं. तिथे नानांनी मागे पाहिलं, पूर्ण रिकाम्या रस्त्याकडे, आणि मला म्हणाले, "तू व्हय पुढे. मी उभा राहस. ती पोरे येतीन कदाचित." मी म्हणाले, ती दोघं गेली नाना, हॉटेलात गेली. तरी ते पाच मिनिटं हात लांब करून तिथे उभे राहिले. मग आले.

बारावा थांबा एका पत्र्याच्या घरापुढे होता. दारात एक नळ, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. उंबऱ्यात सत्तरीची एक बाई बसली होती, कमलाक्का. तिच्यामागे फळीवर कप पालथे घातले होते, धुतलेले, एकासारखा एक नाही. वस्तीतल्या घराघरांतून गोळा केलेले. चुलीवर मोठं पातेलं.

"आज एकच?" कमलाक्का म्हणाली. "बाकीना कोठे सांडनात?"

"येतस मांगेन," नाना म्हणाले.

"हाई तू दर रविवारले सांगस. मी कप धुईधुई मरसू." मग मला म्हणाली, "बस माय. दूर थीन उनी?"

मी कपांकडे पाहत होते. त्या वस्तीत ज्या पाण्यासाठी पहाटे रांग लागते, त्या पाण्याने ते सगळे कप दर रविवारी धुतले जात होते. आमच्यासाठी. आम्ही पोहे खात होतो तेव्हा. मी सभेत पत्रकं वाटत होते तेव्हा.

चहा पिताना नानांनी सांगितलं, मान खाली घालून, जणू तक्रार त्यांच्याविरुद्धच होती. नोकरीत होते तेव्हा कमलाक्का दर पाळीला चढ उतरून त्यांच्या व्हॉल्व्हपाशी यायची. शिवी नाही, विनवणी नाही. नुसती उभी राहायची, चावी फिरेपर्यंत. ते पूर्ण फिरवायचे. पाणी निघायचं आणि चढावर मरायचं. निवृत्तीच्या दिवशी ते तिला सांगायला इथे आले होते.

"मी इले सांगं, पाणी तं माले आनता उनं नही," नाना म्हणाले. "मानसं तरी आनसू. लोकेस्नी हाऊ नळ दखा, म्हंजे कोनी तरी काही तरी करी."

"अन् मी सांगं, आन," कमलाक्का म्हणाली. "च्या मी करसू." ती हसली. "तवपाशी करी राहिनू."

मी दुसरा कप घ्यायला फळीकडे गेले. कपांखाली कागद अंथरला होता, पिवळा पडलेला. वर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, 'शेवटच्या घराला पाणी द्या.' कमलाक्काच म्हणाली, "हाऊ कागद नानानी आनेल शे. जाड शे, कप सरकत नहीत."

नाना दुसरीकडे पाहत होते. त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं.

परतताना उतारावर मी पुढे निघाले. पायथ्याच्या वळणावरून मागे पाहिलं तर नाना वर, चढाच्या तोंडाशी उभे होते. सायकल कुशीला टेकवलेली, टोपी पांढरी, आणि एक हात वस्तीच्या दिशेने सरळ लांब केलेला. रस्त्यावर मी सोडून कुणी नव्हतं, आणि मी तर परत निघाले होते. तरी हात खाली आला नाही.

पावसाळ्यात नाना गेले. वैशालीचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बसस्टँडवर होते. ती म्हणाली, चावी कुणाला द्यायची ते त्यांनी सांगून ठेवलंय. खात्याने कधी परत न मागितलेली ती चावी आता माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. पाणी सोडायचा अधिकार मला नाही. ती मला फक्त वळणावर उभं राहायला दिली आहे.

कमलाक्का अजून रविवारी कप धुते. मी दर रविवारी जळगावहून येते, गाडी वेळेवर आली तर. एकदा आम्ही चौघं पोचलो, एकदा मी एकटी. मी दमले आहे, हे लपवत नाही. पण हे पत्रक नाही, म्हणून इथे धिक्कार कुणाचा करत नाही. तुम्हाला एक काम सांगते.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पाचकंदीलला या. सायकल नसेल तर मागून आणा. धुळ्यात नसाल तर तुमच्या गावची लाइन जिथे संपते ते घर शोधा आणि तिथवर जा. पाचव्या थांब्यावर नाश्ता करू नका. घरून खाऊन निघा, आणि आपला कप स्वतः धुवा. पायथ्याच्या वळणावर मी हात लांब करून उभी असेन. तुम्ही पुढे गेल्याशिवाय मी हलणार नाही.